‘पूर्ववत करणे’ : संगणकीय लेखनातील माघारीचा इतिहास

जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली म्हणजे तो चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देई आणि शुद्ध पाठ त्या लेपावर किंवा समासात लिही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत ह्याच कृतीवरून आला. हिशेबनिसाच्या शास्त्रास मात्र असे झाकणे मान्य नाही. चुकून जमेस धरलेली रक्कम खोडावयाची नसते. तितक्याच रकमेची उलट नोंद नावे टाकून तिचा परिणाम नाहीसा करावयाचा असतो. वहीत मूळ चूक राहते, दुरुस्तीही राहते, आणि दोन्हींचा क्रम तपासनिसास वाचता येतो. चूक सुधारण्याच्या ह्या दोन रीती आहेत. पहिलीत परिणामाला महत्त्व आहे, तर दुसरीत नोंदीला.

संगणकावर लिहिणारा आज एका कळीच्या दाबाने आपले शेवटचे कृत्य मागे घेतो. इंग्रजीतून आलेल्या ‘अनडू’ ह्या नावानेच ही सोय बोलण्यात रूढ आहे. मराठी मेनूंत तिला ‘पूर्ववत करा’ असे म्हटलेले आढळते, आणि मागे घेतलेले परत आणणाऱ्या ‘रीडू’ला ‘पुन्हा करा’ असे. ह्या सोयीचा इतिहास सामान्यतः यंत्राच्या वाढत्या स्मृतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : आधी एक पायरी मागे जाता येत असे, मग शंभर, आता हव्या तितक्या. हे वर्णन खोटे नाही, परंतु अपुरे आहे. माघारीची प्रत्येक रचना करताना तिच्या कर्त्यांना तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली आहेत : एक कृत्य कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, ते कृत्य कोणाचे, आणि मागे घेतलेल्या कृत्याची नोंद ठेवावयाची की तिला हरताळ फासावयाचा. ह्यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर लेखनाच्या अभ्यासकाला तोट्याचे ठरले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. आरंभ

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत संगणकावरील बहुतेक काम छिद्रित पत्रांच्या गठ्ठ्यांनी चाले. आपला गठ्ठा यंत्रचालकाकडे द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी रीत होती. तीत चूक कळावयास फार वेळ लागे. परंतु जुनी पत्रे हाताशी असत, त्यामुळे आधीच्या स्थितीकडे परतणे म्हणजे चुकीचे पत्र काढून जुने परत लावणे इतकेच होते. मनुष्य यंत्रासमोर बसून त्याच्याशी थेट व्यवहार करू लागला तेव्हा ही सुरक्षितता गेली. आज्ञा दिली की ती तत्काळ अमलात येई, आणि ज्या मजकुरावर ती चाले त्याची दुसरी प्रत सहसा नसे. माघारीची गरज संवादी संगणनाच्या ह्या वेगातून जन्मास आली.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात अँड्रिस व्हॅन डॅम आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी १९६७ साली टेड नेल्सन ह्यांच्या सहकार्याने एक मजकूर-संपादन व्यवस्था सिद्ध केली होती. तिच्या पाठोपाठ १९६८ साली ‘फ्रेस’ ह्या नव्या व्यवस्थेचे काम सुरू झाले. ‘फ्रेस’मध्ये बदल मजकुराच्या छायाप्रतीत नोंदवले जात, म्हणून शेवटचा बदल नको असल्यास तो मागे घेता येई. ही माघार एकाच पायरीची होती. तरीही पुढे व्हॅन डॅम ह्यांनी त्या व्यवस्थेतील अत्यंत महत्त्वाच्या गोष्टींत तिची गणना केली.

दुसरा प्रवाह लिस्प भाषेत काम करणाऱ्या मंडळीत उगम पावला. वॉरन टाइटलमन ह्यांनी १९६६ साली एमआयटी येथे सादर केलेल्या प्रबंधात मनुष्य आणि यंत्र ह्यांच्या सहकार्याचा विचार मांडला होता. पुढे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या कंपनीच्या लिस्प व्यवस्थेत त्यांनी तो प्रत्यक्षात उतरविला आणि १९७२ साली ‘प्रोग्रॅमर्स असिस्टंट’ ह्या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्या ‘साहाय्यका’पाशी दिलेल्या आज्ञांची एक सूची असे. तिच्यातील कोणत्याही नोंदीकडे बोट दाखवून ती मागे घ्या, ती दुरुस्त करा, ती पुन्हा चालवा, असे सांगता येई. माघारीची आज्ञादेखील सूचीत नोंदली जाई, आणि म्हणून माघारीचीही माघार घेता येई. हे साधण्यासाठी स्मृतीतील मजकूर बदलणाऱ्या मूळ क्रियांना पर्यायी रूपे दिलेली होती. ही रूपे बदल करण्यापूर्वी जुने मूल्य बाजूस टिपून ठेवीत.

येथे एका अर्थपरिवर्तनाची नोंद करावयास हवी. टाइटलमन ह्यांच्या व्यवस्थेत ‘रीडू’ म्हणजे पूर्वी दिलेली आज्ञा नव्याने चालविणे. आज त्याच शब्दाचा रूढ अर्थ ‘मागे घेतलेले परत आणणे’ असा आहे. पहिल्या अर्थी ती एक स्वतंत्र क्रिया होती. दुसऱ्या अर्थी ती माघारीची सावली आहे, आणि आधी माघार झाली नसेल तर तिला कामच नाही. मराठीतील ‘पुन्हा करा’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात जुना अर्थच आधी उभा राहतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

२. एका पायरीचा काळ

१९७४ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी ह्यांच्या पुढाकाराने ‘ब्रेव्हो’ हा मजकूर-संपादक तयार झाला. त्यात माघारीची आज्ञा होती. १९७६ साली आयबीएमच्या लान्स मिलर आणि जॉन थॉमस ह्यांनी संवादी व्यवस्थांच्या वापरातील वर्तनविषयक प्रश्नांचा आढावा घेतला. निदान लगतची आधीची आज्ञा तरी मागे घेता यावी, हे त्यांनी त्यात सुचविले. ह्या सूचनेतील ‘निदान’ हा शब्द काळाची मर्यादा दाखवितो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली येथे बिल जॉय ह्यांनी रचलेल्या ‘व्हीआय’ संपादकातही एकच पायरी होती. माघारीची कळ दुसऱ्यांदा दाबली की पहिली माघार रद्द होई, आणि लेखक दोन स्थितींच्या मध्ये हेलकावे खात राही.

ॲपल कंपनीच्या १९८३ सालच्या ‘लिसा’ने आणि १९८४ सालच्या ‘मॅकिन्टॉश’ने ही सोय सामान्य मनुष्याच्या हाती दिली. कापणे, नकलणे, डकविणे आणि माघार ह्या चार आज्ञांच्या कळी कळफलकाच्या खालच्या ओळीत शेजारी शेजारी आल्या. त्या कळींच्या निवडीशी लॅरी टेस्लर ह्यांचे नाव जोडले जाते. पहिल्या मॅकिन्टॉशची स्मृती १२८ किलोबाइट होती, आणि इतक्या जागेत लांब इतिहास साठविणे परवडण्यासारखे नव्हते. परंतु सोय एका पायरीची असली तरी तिच्यामागील विचार मोठा होता. १९८३ साली बेन श्नाइडरमन ह्यांनी थेट हाताळणीची लक्षणे सांगताना कृती जलद, लहान लहान टप्प्यांची आणि उलटविता येण्याजोगी असावी, असे म्हटले. ॲपलच्या रचनाविषयक मार्गदर्शिकेत ह्याच गुणाला क्षमाशीलतेचे नाव मिळाले. जे मागे घेता येते ते करून पाहावयास मनुष्य भीत नाही. म्हणून माघार ही चुकलेल्याची सोय असली तरी तितकीच ती शिकणाऱ्याचीही सोय आहे.

३. स्थिती आणि कृत्य

इंग्रजी नाव ‘केलेले उलगडणे’ असे सुचविते, म्हणजे त्याचा रोख कृत्यावर आहे. ‘पूर्ववत करा’ ह्या मराठी पर्यायाचा रोख स्थितीवर आहे : काय केले ते असो, आधी जसे होते तसे करा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. माघार घडवून आणण्याच्या दोन मूलभूत पद्धती नेमक्या ह्याच दोन अर्थांना धरून आहेत.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक बदलापूर्वी संपूर्ण स्थितीची किंवा तिच्या बदलणाऱ्या भागाची प्रत ठेवतात आणि माघारीच्या वेळी ती परत मांडतात. ही पद्धत सोपी आणि विश्वासार्ह आहे, पण जागा फार घेते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक आज्ञेबरोबर तिची व्यस्त आज्ञा टिपतात : ‘दहाव्या स्थानी हा शब्द घाला’ हिची व्यस्त आज्ञा ‘दहाव्या स्थानापासून इतकी अक्षरे काढा’ ही होय. जागा थोडी लागते. परंतु प्रत्येक आज्ञेला व्यस्त असतेच असे नाही. छायाचित्र धूसर करण्याच्या क्रियेत मूळ माहितीच नष्ट होते, तेव्हा तेथे प्रत ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. मजकूर काढून टाकण्याच्या आज्ञेलाही काढलेला मजकूर जपून ठेवावाच लागतो. म्हणून व्यवहारात बहुतेक रचना मिश्र असतात. कॉर्नेल विद्यापीठातील आर्चर, कॉनवे आणि श्नायडर ह्यांनी १९८४ साली तिसरी वाट तात्त्विक रूपात मांडली : वापरणाऱ्याच्या आज्ञांची मालिका हीच मूळ संहिता मानावी, नको असलेला शेवट तोडावा, आणि उरलेली मालिका पहिल्यापासून पुन्हा चालवावी.

आज्ञेला स्वतंत्र वस्तू मानून ‘कर’, ‘माघार घे’ आणि ‘पुन्हा कर’ ही तिची तीन अंगे ठरविण्याची रीत ॲपलच्या ‘मॅकॲप’ ह्या संचात १९८० च्या दशकाच्या मध्यास आली. बर्ट्रांड मेयर ह्यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले. १९९४ साली गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडेस ह्या चौघांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ ह्या ग्रंथात ‘कमांड’ आणि ‘मेमेंटो’ असे दोन आकृतिबंध आले. त्यांतील पहिला आज्ञेला वस्तुरूप देतो आणि दुसरा स्थितीची खूण जपतो. भाषेतील दोन अर्थांना शास्त्रात अशी दोन नावे मिळाली.

४. टाकलेली वाट

अनेक पायऱ्यांची माघार आली तेव्हा तिच्यासाठी दोन चवडींची रचना सर्वत्र रूढ झाली. केलेल्या आज्ञा एका चवडीवर साठत जातात. माघार घेतली की वरची आज्ञा दुसऱ्या चवडीवर जाते. ‘पुन्हा करा’ म्हटले की ती परत पहिलीवर येते. रचना समजावयास सोपी आहे. तिच्यात एक नियम मात्र असा आहे की, माघारीनंतर काहीही नवे लिहिले तर दुसरी चवड रिकामी होते.

ह्या नियमाचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. एका लेखकाने सकाळभर एक परिच्छेद बदलला. दुपारी त्याला मूळ शब्दयोजना पाहावीशी वाटली, म्हणून तो वीस पायऱ्या मागे गेला. तेथे एक स्वल्पविराम खटकला, तो त्याने सहज काढला. त्या क्षणी सकाळचे सारे काम नष्ट झाले. हानी टाळण्यासाठी निर्माण केलेल्या साधनानेच हानी केली. तीही अशा वेळी, की ज्या वेळी लेखक विचारपूर्वक तुलना करीत होता. ह्या रचनेत इतिहासाला एकच सरळ रेषा मान्य आहे, आणि जी वाट सोडली ती नव्हतीच असे ती धरून चालते. हा हरताळाचाच मार्ग होय. फरक इतकाच की, हरताळाचा लेप निदान डोळ्यांना दिसतो.

दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता असे नाही. टाइटलमन ह्यांच्या सूचीत तो होताच. १९८४ साली जेफ्री व्हिटर ह्यांनी सोडलेल्या वाटा राखून ठेवणारी शाखायुक्त रचना मांडली. रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या १९८५ पासूनच्या ‘जीएनयू इमॅक्स’मध्ये माघार हीच एक नवी कृती म्हणून नोंदवली जाते. मागे गेल्यावर नवे काही लिहिले तरी आधीच्या माघारी इतिहासात असतात आणि त्यांचीही माघार घेत सकाळच्या मजकुरापर्यंत पोहोचता येते. ही सरळसरळ हिशेबनिसाची उलट नोंद आहे. नवशिक्याला ती गोंधळात पाडते, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. २००६ सालच्या ‘व्हिम’च्या सातव्या आवृत्तीने इतिहासाला वृक्षाचे रूप दिले, आणि २०१० च्या पुढील आवृत्तीत हा वृक्ष फाइल बंद झाल्यावरही जपून ठेवण्याची सोय केली. थॉमस बर्लागे ह्यांनी १९९४ साली मधलेच एखादे कृत्य निवडून मागे घेण्याची पद्धत वर्णिली. चित्रांच्या क्षेत्रात ‘फोटोशॉप’च्या १९९८ सालच्या पाचव्या आवृत्तीने कृत्यांची यादी पडद्यावर मांडली. तथापि सर्वसामान्य लेखनसाधनांत दोन चवडींचीच रचना टिकून राहिली, कारण ती समजावून सांगावी लागत नाही.

५. एक कृत्य म्हणजे किती?

माघारीची पायरी केवढी असावी हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. वाक्प्रवाहाचे घटक पाडताना तोच प्रश्न पडतो. प्रत्येक कळदाब ही एक पायरी धरली तर एक वाक्य मागे घेण्यास शंभर दाब लागतील. संपूर्ण परिच्छेद ही एक पायरी धरली तर एका चुकीसाठी सर्व गमवावे लागेल. म्हणून लेखनाचा ओघ कोठे तुटला हे पाहून सीमा ठरवितात : लेखक थांबला, दर्शक दुसरीकडे नेला, ओळ बदलली, किंवा लिहिणे सोडून खोडणे सुरू केले. यंत्राने आपण होऊन केलेली शब्दशुद्धी वेगळी पायरी धरली जाते, आणि ते योग्यच आहे. लेखकाला यंत्राचा हस्तक्षेप नाकारावयाचा असतो, स्वतःचा शब्द नव्हे.

देवनागरीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याला एकच अक्षर आहे; युनिकोड संकेतांत मात्र ते स, हलन्तचिन्ह, त, हलन्तचिन्ह, र आणि दीर्घ ईकार अशा सहा घटकांचे बनते. मागे खोडण्याची कळ बहुधा एकेक घटक काढते, त्यामुळे ‘स्त्री’चे ‘स्त्र’ होते, आणि पुढच्या दाबाला शेवटी लोंबणारे हलन्तचिन्ह उघडे पडते. खोडणे हे संकेताच्या पातळीवर चालते, माघार ही लेखनाच्या ओघाच्या पातळीवर, आणि वाचक ह्या दोहोंच्या मधल्या अक्षराच्या पातळीवर विचार करतो. ‘एक कृत्य’ ही संकल्पना निसर्गतः मिळत नाही, ती रचावी लागते, ह्याचा मराठी लेखनाइतका सुलभ पुरावा क्वचित मिळेल.

६. कोणाचे कृत्य?

अनेकांनी एकाच वेळी एकच मजकूर संपादित करण्याची सोय आली तेव्हा दुसरा प्रश्न ऐरणीवर आला. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स ह्यांनी १९८९ साली अशा संपादनातील परस्परविरोधी बदलांची सांगड घालण्याची पद्धत मांडली. परंतु माघार म्हणजे कोणाच्या शेवटच्या कृत्याची माघार? दोन सहलेखकांपैकी एकाने शब्द लिहिला, त्यानंतर दुसऱ्याने दुसरीकडे वाक्य दुरुस्त केले, आणि पहिल्याने माघारीची कळ दाबली. काळाच्या क्रमाने पाहिले तर दुसऱ्याचे वाक्य जावयास हवे. न्यायाने पाहिले तर पहिल्याचा शब्द. अबाउड आणि डिक्स ह्यांनी १९९२ साली दाखवून दिले की, माघार हा मुळात वापरणाऱ्याचा हेतू आहे आणि यंत्रातील आज्ञा हे त्या हेतूचे केवळ एक साधन आहे. प्रकाश आणि निस्टर ह्यांनी १९९४ साली, व चेंगझेंग सुन ह्यांनी २००२ साली, आपले कृत्य आपण मागे घेण्याची शास्त्रीय पद्धत विकसित केली. तीत आकडेमोडही आहे : दहाव्या स्थानी घातलेला शब्द काढावयाचा, पण दरम्यान दुसऱ्याने आरंभीची चार अक्षरे काढली असतील, तर शब्द आता सहाव्या स्थानी शोधावा लागतो. अशा सामायिक मजकुरात सरळ रेषेचा इतिहास टिकू शकत नाही, म्हणून येथे नोंदवहीचा मार्ग अपरिहार्य ठरला.

ह्याहून दृढ मर्यादा यंत्राबाहेरील जगाची आहे. माहितीसाठ्यांच्या व्यवहारांचा पाया घालणाऱ्या जिम ग्रे ह्यांनी मागे घेता येणारी कृत्ये आणि बाह्य जगात घडलेली ‘खरी’ कृत्ये ह्यांत भेद केला होता. यंत्राने दिलेली रोकड किंवा पाडलेले भोक माघारीने परतत नाही. तेथे फक्त भरपाई करणारे नवे कृत्य शक्य असते. जीमेलने २०१५ साली सर्वांना दिलेली ‘पाठविणे मागे घ्या’ ही सोयही वस्तुतः माघार नाही. पत्र काही सेकंद रोखून धरलेले असते, इतकेच. ते एकदा गेले की गेले.

ह्या सर्व विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती शक्य झाली, कारण लेखनिकांचे प्रमाद, त्यांच्या समासातील दुरुस्त्या आणि परस्परभिन्न पाठ पोथ्यांत शिल्लक होते. आजच्या लेखकाचा खर्डा बहुधा संगणकावरच जन्मतो, आणि त्याच्या माघारींची सूची बहुतेक साधनांत फाइल बंद होताच नाहीशी होते. उद्याच्या पाठचिकित्सकाच्या हाती अंतिम संहिता येईल. ती कोणत्या पर्यायांतून निवडली गेली हे कळावयास साधन उरणार नाही. ह्यावर असे उत्तर देता येईल की, टाकलेले शब्द हे लेखकाचे खासगी धन आहे आणि ते पुसण्याचा त्याला अधिकार आहे. हा अधिकार मान्यच करावयास हवा. तथापि आज ते शब्द लेखकाच्या निर्णयाने पुसले जात नाहीत. रचनाकारांनी सोयीसाठी स्वीकारलेल्या नियमाने ते त्याच्या नकळत पुसले जातात. नोंद ठेवण्याची पद्धत १९७२ पासून ज्ञात आहे, आणि पहिल्या मॅकिन्टॉशच्या काळची जागेची टंचाई आता उरलेली नाही. म्हणून आपल्या लेखनाच्या बाबतीत हरताळ हवा की उलट नोंद, ह्याची निवड लेखकाकडे सोपविणे हेच माघारीच्या रचनेतील अपुरे राहिलेले काम होय.